‘मला चांगलं आठवतंय’ : स्मरणशक्तीचं मानसशास्त्र आणि आपली साक्ष

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. माझं शिक्षण अभियांत्रिकीचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची. माहिती साठवायची कशी आणि जशीच्या तशी परत मिळवायची कशी, हे माझं रोजचं काम. माणसाच्या स्मरणशक्तीवरचं संशोधन मी वाचायला लागलो ते नोकरीसाठी नाही, तर घरात घडलेल्या एका गोष्टीमुळे. ती गोष्ट आधी सांगतो, मग संशोधनाकडे वळतो.

१९९२ च्या डिसेंबरात मी पाच वर्षांचा होतो. देशात जे चाललं होतं, त्याची झळ आमच्या तालुक्याच्या गावालाही लागली. त्यातली एक रात्र मला लख्ख आठवत होती. आम्ही सगळे अंधारात उभे आहोत. अब्बा शेजारच्या काकांचं दार ठोठावताहेत. दार पिवळ्या रंगाचं. खिडकीत काकांचा चेहरा दिसतो, मग आतला दिवा विझतो. दार उघडत नाही.

या आठवणीवर मी मोठा झालो. काकांशी कधी नीट बोललो नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला घरचे सगळे गेले, मी गेलो नाही. ते समोरून आले की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले, तेव्हा मी काकूंना फोनसुद्धा केला नाही. मनात एकच होतं : त्या रात्री यांनी दार उघडलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ईदला घरी गेलो होतो. बोलता बोलता ही गोष्ट अम्मीसमोर निघाली. अम्मी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “तू कहाँ था रे उस रात? तू तो नानी के पास था.”

मी वाद घातला. मला सगळं आठवतंय, दाराचा रंगसुद्धा आठवतोय, असं ठासून सांगितलं. अम्मी म्हणाली, तेव्हा काकांचं दार साधं लाकडी होतं. पिवळा रंग त्यांनी घर दुरुस्त केलं तेव्हा दिला. म्हणजे मी सातवी-आठवीत असताना.

आता अम्मीचीही आठवण चुकू शकते. म्हणून मी मामूंकडे चौकशी केली. मामूंना जुने कागद जपून ठेवायची सवय. त्यांच्या पेटीत अब्बांनी त्यांना पाठवलेलं आंतर्देशीय पत्र निघालं. पोस्टाचा शिक्का त्याच आठवड्याचा. आत लिहिलं होतं : मुलाला अजून आठ-दहा दिवस तिकडेच राहू द्या, इथलं वातावरण ठीक नाही.

म्हणजे त्या रात्री मी तिथे नव्हतोच.

मग हे चित्र आलं कुठून? माझे चाचा तेव्हा पलीकडच्या गल्लीत राहत. दार बंद झालं ते त्यांच्यासमोर, त्यांच्या शेजाऱ्याचं. ती हकिकत ते दर ईदला सांगायचे. मी ऐकत ऐकत मोठा झालो. कधीतरी त्या हकिकतीत चाचांच्या जागी आम्ही आलो आणि अनोळखी दाराच्या जागी मला रोज दिसणारं पिवळं दार बसलं. दार बंद झालं होतं, हे खरं आहे. पण ते दार काकांचं नव्हतं. उलट त्या आठवड्यात आमच्या घरी दूध आणि भाजी काकांच्या हातून येत होती, असं अम्मी सांगते.

मी कुठे खोटं बोललो? कुठेच नाही. आणि तरीही एका निर्दोष माणसाला मी जवळजवळ तीस वर्षं गुन्हेगार ठरवून बसलो. हे कसं घडतं, हा आजचा विषय आहे.

डोकं म्हणजे हार्ड डिस्क नव्हे

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना वाटतं की मेंदू हा एक मोठा संगणक आहे. डोळ्यांनी पाहिलं की नोंद होते, आठवलं की तीच नोंद पडद्यावर येते, फार तर काही नोंदी पुसल्या जातात. सर्वसाधारण समजही असाच असतो : माणूस विसरतो, पण जे आठवतं ते खरंच असतं. संशोधनाने पहिला भाग मान्य केला, दुसरा मोडीत काढला.

विसरण्यापासून सुरुवात करू. जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला किती कष्ट पडतात, हे मोजलं. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधी पाठ केल्याचा निम्म्याहून जास्त फायदा पहिल्या तासाभरातच संपत होता. महिन्याभराने साधारण पाचवा हिस्सा उरत होता. विसरणं सुरुवातीला वेगाने होतं, नंतर मंदावतं.

पण आयुष्यातल्या गोष्टी अर्थहीन अक्षरांसारख्या नसतात. म्हणून केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने, काहींना तर कित्येक वर्षांनी, ती पुन्हा सांगायला लावली. १९३२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कथा लहान झाली होती, हे अपेक्षितच होतं. पण ती बदललीही होती. कथेतली लांब डोंगी साधी होडी झाली. सीलची शिकार साधी मासेमारी झाली. जे परकं आणि विचित्र वाटत होतं, ते ओळखीच्या रूपात आलं. सांगणाऱ्याला मात्र आपण काही बदललंय, असं वाटतच नव्हतं.

बार्टलेट यांचं म्हणणं असं की आठवण ही साठवून ठेवलेली वस्तू नाही. प्रत्येक वेळी आपण ती नव्याने रचतो. हाताशी असलेले थोडे तुकडे, आपल्या समजुती, आपल्या समाजात गोष्टी कशा सांगितल्या जातात त्याचे साचे, या सगळ्यांतून ती उभी राहते. माझ्या पिवळ्या दाराचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही.

मेंदूचा अभ्यासही त्याच दिशेने गेला. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन परत आले की त्याला पुन्हा नवे वाटत. तरीही आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव ब्रेंडा मिल्नर यांनी त्याच्याकडून करून घेतला, तेव्हा त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आपण हे आधी कधी केलंय, हे त्याला सांगता येत नव्हतं. म्हणजे स्मरणशक्ती एक नाही. हाताचं कसब एकीकडे, प्रसंगांची आठवण दुसरीकडे. हा माणूस २००८ साली वारला. पन्नासहून जास्त वर्षं तो संशोधनाला मदत करत राहिला.

पुढे २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ कच्ची होते. त्या वेळात मेंदूच्या त्या भागात प्रथिनं तयार होणं औषधाने थांबवलं, तर ती भीती पुढे कमकुवत होते. माझ्या भाषेत सांगायचं तर फाइल नुसती वाचायला उघडली, असं इथे बहुधा होत नाही. उघडली की ती पुन्हा सेव्ह होते, आणि जुनी आवृत्ती कुठेच शिल्लक नसते.

प्रश्न विचारणाराही आठवण घडवतो

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या. नंतर विचारलं, गाड्या किती वेगात होत्या? प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. ‘धडकल्या’ असं विचारलं तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी ३४ मैल. ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तेव्हा जवळजवळ ४१ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याभराने विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्या का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी हो म्हटलं. ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी.

पुढे १९९५ मध्ये लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. तीन खऱ्या, घरच्यांकडून विचारून घेतलेल्या. चौथी बनावट : तुम्ही लहानपणी मोठ्या बाजारसंकुलात हरवला होता. साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांना ही न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा थोडीफार ‘आठवली’. सगळ्यांना आठवली नाही, हेही लक्षात ठेवा. बहुतेक लोक टिकले. पण चारात एक हे प्रमाण लहान नाही.

कुणी म्हणेल, मोठ्या प्रसंगांचं तसं नसतं, ते मनावर कोरले जातात. हेही तपासलं गेलंय. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर फुटलं. दुसऱ्याच दिवशी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : तुम्हाला बातमी कुठे, कुणाकडून कळली? अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ११ जणांची मुख्य माहिती पूर्णपणे चुकली होती. चुकलेल्यांतले बरेच जण अगदी खात्रीने बोलत होते. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद पुढे ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही.

म्हणून हे वाक्य मी स्वतःसाठी लिहून ठेवलंय : खात्री ही भावना आहे, पुरावा नाही.

चुकलेल्या खात्रीची किंमत

१९८४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर घरात घुसून बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने ठरवून त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवला. आधी फोटोंतून, मग ओळख परेडमध्ये तिने रोनाल्ड कॉटन या तरुणाला ओळखलं. फोटो निवडताना तिने बराच वेळ घेतला होता. पण परेडनंतर तिला कळलं की फोटोतूनही तिने हाच माणूस निवडला होता, आणि शंका संपली. न्यायालयात ती ठाम होती. कॉटनला जन्मठेप झाली. पुढे फेरखटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला गेला, तरी तिने त्याला ओळखलं नाही. १९९५ साली डीएनए चाचणीने कॉटन निर्दोष ठरला. तोवर त्याची दहा वर्षं तुरुंगात गेली होती.

ती खोटं बोलत नव्हती, हे कॉटननेही मान्य केलं. पुढे दोघांची मैत्री झाली, दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या खटल्यांत सुमारे दोन-तृतीयांश ठिकाणी चुकीची ओळख हे एक कारण होतं.

आपल्याकडे ओळख परेड हा स्वतंत्र, भक्कम पुरावा मानला जात नाही, न्यायालयातल्या साक्षीला आधार म्हणून ती पाहिली जाते. परेडला उशीर झाला किंवा साक्षीदाराला आरोपीचा चेहरा आधीच दाखवला गेला, तर तिचं मोल कमी होतं, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. आज मात्र आरोपीचा फोटो परेडच्या आधी मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचलेला असतो. साक्षीदार चेहरा घटनेतून ओळखतोय की व्हॉट्सॲपवरून, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

मग यंत्राने मेंदूतूनच आठवण वाचली तर? २००८ साली पुण्याच्या एका सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात दोषी ठरवताना इतर पुराव्यांबरोबर आरोपीच्या मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. जगभर त्याची चर्चा झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी कुणावरही सक्तीने करता येणार नाही, असं ठरवलं. अभियंता म्हणून मी एवढंच म्हणेन : साठवलेली नोंदच बदलणारी असेल, तर वाचणारं यंत्र कितीही महाग असो, ते मूळ घटनेपर्यंत पोहोचत नाही.

भीती आपल्यासाठी कारण शोधते

आता व्यक्तीकडून समाजाकडे येऊ. इथे एका भारतीय संशोधकाचं नाव घ्यायला हवं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यावर निबंध लिहिला. जिथे धक्का जाणवला पण नुकसान दिसत नव्हतं, अशा भागातल्या अफवा काय सांगत होत्या? अजून मोठा भूकंप येणार, पूर येणार, प्रलय होणार.

पुढे १९५७ साली लिऑन फेस्टिंगर यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडताना याच अभ्यासाचा आधार घेतला. लोक घाबरलेले होते, पण आसपास घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. मनाला ही विसंगती सहन होईना. मग भीतीला शोभेल असं कारण अफवेने पुरवलं. दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळण्याच्या आपत्तीचा अभ्यास केला होता. तिथे नुकसान लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तिथे अशा भीती वाढवणाऱ्या अफवा दिसल्या नाहीत.

हे वाचताना मला आपले ग्रुप आठवले. अफवेने भीती निर्माण होते, हे आपण नेहमी म्हणतो. पण भीतीतूनही अफवा निर्माण होते. घाबरलेला समाज, मग तो आपला असो की शेजारचा, ‘घडलं असेल’ पासून ‘घडलं’ पर्यंत आणि तिथून ‘मी पाहिलं’ पर्यंत फार लवकर पोहोचतो. शेवटच्या पायरीला मार्सिया जॉन्सन यांच्या संशोधनात उगम ओळखण्यातली चूक म्हटलंय : गोष्ट लक्षात राहते, ती कुठून आली ते विसरतं. माझं तेच झालं.

पीडितांवर अविश्वास नको

इथे एक धोका आहे, तो स्पष्ट सांगतो. या संशोधनाचा उपयोग करून कुणी दंगलग्रस्तांना, बलात्कार पीडितांना म्हणेल की तुमच्या आठवणीचा काय भरवसा. तो सरळसरळ गैरवापर आहे. आघाताचा मुख्य गाभा, म्हणजे काय घडलं, माणसं सहसा विसरत नाहीत. चुका होतात त्या तपशिलात : शर्टाचा रंग, वेळ, आधी काय, नंतर काय, कधी चेहरासुद्धा. म्हणून दोन जबाबांत तपशील जुळत नाही, एवढ्यावरून माणूस खोटारडा ठरत नाही. प्रत्येक वेळी शब्दन् शब्द सारखा येणं हेच उलट पाठांतराचं लक्षण असू शकतं.

आणि ज्यांना तो प्रसंग झोपेत, जागेपणी पुन्हा पुन्हा दिसतो, दचकायला होतं, त्या रस्त्याने जाववत नाही, त्यांना ‘विसरून जा’ म्हणणं निरर्थक आहे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

मग करायचं काय?

आपल्या परंपरेत एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. हाफिज कुरआन अक्षर न् अक्षर पाठ ठेवतो. म्हणजे स्मरणशक्ती अचूक राहू शकते ना? राहू शकते, पण कशी ते बघा. समोर लिहिलेला मजकूर असतो, रोजचा दौर असतो, आणि तरावीहमध्ये मागे दुसरा हाफिज उभा असतो, चूक झाली की तिथल्या तिथे सांगायला. तपासणीची सगळी व्यवस्था तिथे आहे. हदीस पारखणाऱ्या विद्वानांनीही सांगणारा प्रामाणिक आहे का आणि त्याची स्मरणशक्ती पक्की आहे का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. आणि देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, हे सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सांगितलंच आहे. ईदच्या गप्पांमधल्या आठवणीला मात्र मागे उभा राहून चूक सांगणारा कुणी नसतो.

म्हणून चार साध्या सवयी सुचवतो. एक, महत्त्वाची घटना घडली की त्याच दिवशी, इतरांशी चर्चा करण्याआधी, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. दोन, लिहिताना ‘पाहिलं’ आणि ‘ऐकलं’ हे दोन रकाने वेगळे ठेवा. तीन, कुणाला, विशेषतः मुलांना विचारताना उत्तर तोंडात देऊ नका. “त्याने मारलं ना?” असं नको, “काय झालं?” असं विचारा आणि गप्प बसा. चार, कुणाचं नाव घेण्याआधी स्वतःला विचारा की हे मला कसं कळलं.

शेवटी काकूंचं सांगून थांबतो. पत्र मिळाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तू तोंड फिरवायचास ते ह्यांना दिसायचं रे. ह्यांना वाटायचं, पोरगा शिकून मोठा झाला, आता आपल्याशी कशाला बोलेल.”

काकांची माफी मागायची राहिली, ती आता मागता येणार नाही. त्यांच्या घराचं ते पिवळं दार अजून आहे. आजही डोळे मिटले की खिडकीतला तो चेहरा मला दिसतो, आणि तो खोटा आहे हे माहीत असूनही पुसला जात नाही. तुमच्या मनातही असं एखादं दार असेल. त्याच्या मालकावर निकाल देण्याआधी, तुम्ही त्या रात्री तिथे होता का, एवढं कुणाला तरी विचारून घ्या. सांगणारं माणूस हयात आहे तोवर विचारा.